दोन सचिनांचा भक्त

आम्हां भक्तमंडळींना नावाचे मोठे कौतुक! मराठीचे प्राध्यापक आणि कवी रमेश तेंडुलकर यांनी १९७३ साली जन्मलेल्या आपल्या धाकट्या मुलाचे नाव आवडत्या संगीतकारावरून, सचिनदेव बर्मन यांच्यावरून ठेवले. म्हणजे आमच्या बॅटीच्या दैवताचे बारसे एका गाणेवेड्याने केले! (आणि तोही मराठीचा प्राध्यापक, हे मी वर्गात आवर्जून सांगतो.)

गंमत अशी, की बर्मनदा स्वतः फुटबॉलचे वेडे. ईस्ट बेंगालचे कट्टर भक्त. १९७५ साली ते अंथरुणाला खिळलेले असताना त्यांच्या संघाने शील्डच्या अंतिम सामन्यात मोहन बागानला ५-० असे लोळवले. शुद्ध हरपलेल्या वडिलांच्या कानात पंचमने ती बातमी घातली आणि त्यांनी क्षणभर डोळे उघडले, असे सांगतात. महिन्याभराने, ३१ ऑक्टोबरला, ते गेले.

शहाणी माणसे विचारतात, "यातून तुम्हांला मिळते काय हो?" २२ एप्रिल १९९८ रोजी शारजात वाळूचे वादळ उठले, सचिनने १४३ धावा कुटल्या, ऑस्ट्रेलियाशी आपण हरलो आणि तरीही अंतिम फेरीत गेलो. एरवी परीक्षेतल्या गुणांपलीकडे माझ्याशी न बोलणारे वडील त्या रात्री दोन वाजेपर्यंत एकेक फटका हातवारे करून पुन्हा खेळत होते. आई ओरडली, तेव्हा कुठे दिवा मालवला.

आता ते नाहीत. रेडिओवर बर्मनदांचे गाणे लागले, की आवाज मोठा करायला त्यांच्यासारखाच मी उठतो.