ओल्ड कोर्स, सेंट अँड्रूझ

ओल्ड कोर्स, सेंट अँड्रूझ : स्कॉटलंडमधील फाइफ परगण्यातील जगप्रसिद्ध सार्वजनिक गोल्फ मैदान. समुद्रकाठच्या वालुकामय, गवताळ पट्टीस तेथे ‘लिंक्स’ म्हणतात. १७९७ मध्ये कर्जबाजारी नगरपालिकेने ही जमीन गहाण टाकली. पुढे तीवर ससेपालन सुरू होऊन खेळच धोक्यात आला. १८२१ मध्ये जेम्स चीप या गोल्फप्रेमी जमीनदाराने ती विकत घेऊन मैदान वाचविले. १९७४ च्या कायद्यान्वये व्यवस्था विश्वस्त मंडळाकडे आली.

फेरी १८ होलची असते. सात हिरवळी जोड असून त्यांवरील दोन होलच्या क्रमांकांची बेरीज १८ भरते. वाऱ्यामुळे चेंडू उंच उडविण्यापेक्षा जमिनीलगत घरंगळविणे श्रेयस्कर. नवख्यास हे सहसा उशिरा उमगते. सतराव्या होलला लागून रस्ता आहे. त्यावर गेलेला चेंडू तेथूनच मारावा लागतो. खेळण्याची पाळी बहुधा सोडतीने मिळते. रविवारी सामान्यतः खेळ बंद असून नागरिक तेथे फिरावयास येतात.