लाकूड आधी, लोखंड मागून

आपल्या राजारामपुरीच्या शेजारीच शिवाजी उद्यमनगर आहे. तिथे बीड ओतले जाते, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. १९१० साली किर्लोस्करवाडीला लोखंडी नांगरांचा कारखाना उभा राहिला आणि या भागात ओतकामाला चालना मिळाली. पुढे उसाच्या मळ्यांना पाणी पाजणारी ऑइल इंजिने कोल्हापुरात घडली. पण लोखंडाच्या आधी तिथे लाकूड घडते, हे पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. जो भाग ओतायचा तो प्रथम सागवानात कोरतात. त्याला पॅटर्न म्हणतात. तो वाळूत दाबून काढून घेतला म्हणजे जी पोकळी राहते, तिच्यात रस ओततात.

हत्यारे म्हणाल तर कोणाही सुताराचीच: करवत, रंधा, पटाशी, कानस, गुण्या. फूटपट्टी तेवढी निराळी. बीड थंड होताना सुमारे शंभरात एक भाग आकसते. म्हणून या पट्टीवरचा फूट बाजारातल्या फुटापेक्षा १/८ इंचाने लांब असतो. पोलाद जवळजवळ दुप्पट आकसते, त्याची पट्टी वेगळी. उभ्या बाजूंना अंशभर उतार ठेवावा लागतो, नाहीतर पॅटर्न उचलताना वाळूची भिंत ढासळते. आतला कोपरा मेण किंवा पोटीन भरून गोलवावा लागतो. टोकदार राहिला तर थंड होताना नेमका तिथेच तडा जातो.

खरी कसोटी पोकळ भागाची. सिलिंडरच्या पोटात वाळूचाच गाभा, म्हणजे कोअर, बसवतात. तो घडवायला दोन भागांची लाकडी पेटी लागते. तिच्या प्रत्येक भागात अर्धगोल खाच कोरायची. खाच बरोबर झाली की नाही, हे कसे पाहावे? एका वृद्ध मेस्त्रींनी आम्हांला युक्ती दाखवली. गुण्याचा काटकोन खाचेत टेकवायचा. दोन्ही भुजा काठांना लागून कोपरा तळावर कुठेही सरकवला तरी टेकतो, तर खाच अचूक अर्धवर्तुळ. भूमितीतला हा सिद्धांत आम्ही चाळिशी उलटल्यावर पुस्तकात वाचला. मेस्त्री तो रोज पटाशीने सिद्ध करीत होते.

याच मेस्त्रींना एका कारखान्याने पगारपत्रकात ‘सुतार’ म्हणून दाखवून दारे-खिडक्या करणाऱ्याचा दर लावला होता. (दारे-खिडक्या करणाऱ्याला आम्ही कमी लेखत नाही.) मालक म्हणाले, “हत्यारे तीच, मग दर निराळा का?” आम्ही दोन्ही फूटपट्ट्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. मालकांनी एक उलटी करून पाहिली. दार चुकले तर एक दार चुकते. पॅटर्न चुकला तर पाळीभराचे नग भंगारात जातात, आणि दोष आधी मोल्डरच्या माथी येतो. एवढे पटूनही दर वाढायला दीड वर्ष लागले.

आता पुष्कळ पॅटर्न ॲल्युमिनियमचे किंवा रेझिनचे, संगणकाच्या यंत्रावर कोरलेले असतात. आकस किती धरायची, हे त्या यंत्रालाही माणसानेच सांगावे लागते.

मेस्त्री निवृत्त झाले तेव्हा ती लांब पट्टी घरी घेऊन गेले. तिच्यावर नातवाची उंची मोजू नका, असे आम्ही त्यांना बजावले आहे. पोरगा दर फुटाला १/८ इंच कमी भरायचा.