चार्जरच्या पोटात काय असतं?

मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो, पुण्याची तापकीर गल्ली असो की तालुक्याच्या एसटी स्टँडसमोरचं मोबाइलचं दुकान, चार्जर मागितला की काउंटरपलीकडून पहिला प्रश्न ठरलेला: “साहेब, ओरिजनल देऊ की फर्स्ट कॉपी?” मग दोन-तीन खोकी समोर येतात. दीडशेचा, चारशेचा, हजाराचा. तिन्ही पांढरे, गुळगुळीत, सारखेच दिसणारे. दीडशेवाल्याची गॅरंटी विचारली तर उत्तर येतं, “टेस्टिंग करून देतो.” म्हणजे दुकानात लावून फोन चार्ज होताना दाखवणार, पुढचं तुमचं तुम्ही बघायचं. फोन तर तिन्हींनी चार्ज होतो. मग वरचे पैसे कशाचे? कंपनीच्या नावाचे, असं बहुतेकांना वाटतं आणि ते काही अंशी खरंही आहे. पण सगळे पैसे नावाचे नसतात. उरलेले कशाचे, ते चार्जर उघडल्यावरच दिसतं.

भिंतीतल्या सॉकेटमध्ये २३० व्होल्टचा एसी असतो आणि फोनला लागतात ५, ९, फार तर २० व्होल्ट. चार्जर आधी त्या एसीचं सुमारे ३२५ व्होल्टच्या डीसीत रूपांतर करतो. मग एक चिप तो पुरवठा सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करते आणि छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून तो उतरवून घेते. महत्त्वाची गोष्ट अशी, की ट्रान्सफॉर्मरच्या दोन बाजूंत तारेची थेट जोडणी नसते. ऊर्जा चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जाते. एका बाजूला जीव घेऊ शकणारी वीज आणि दुसऱ्या बाजूला तुमचा फोन, केबल, कानातला इअरफोन. या दोन बाजू कोणत्याही परिस्थितीत एकमेकींना भेटता कामा नयेत, हे चार्जरचं खरं काम. फोन चार्ज करणं त्यामानानं सोपं आहे.

दुरुस्तीच्या टेबलावर दोन उघडे चार्जर शेजारी ठेवले की फरक सांगावा लागत नाही. चांगल्या चार्जरच्या बोर्डावर दोन बाजूंच्या मधोमध चार-पाच मिलिमीटरची मोकळी जागा सोडलेली असते. पुष्कळदा तिथं बोर्डाला आरपार खाच पाडलेली असते, म्हणजे धूळ किंवा ओल साचून वीज सरपटत पलीकडे जाऊ नये. ट्रान्सफॉर्मरवर पिवळ्या टेपचे वेढे असतात आणि आतल्या एका गुंडाळीच्या तारेला तिहेरी इन्सुलेशन असतं. आत येणाऱ्या विजेच्या वाटेवर फ्यूज किंवा फ्यूजचं काम करणारा रेझिस्टर असतो. दोन्ही बाजूंना सांधणारा एक कपॅसिटर असतो, त्याला वाय कपॅसिटर म्हणतात. तो बिघडलाच तर जोडणी तुटावी, शॉर्ट होऊ नये, अशा बेतानं तो बनवलेला असतो. दीडशेच्या चार्जरमध्ये हीच नेमकी यादी गाळलेली सापडते. मोकळी जागा मिलिमीटरभर, टेपचा जेमतेम एक वेढा, वायच्या जागी साधा कपॅसिटर आणि फ्यूजच्या जागी तांब्याचा तुकडा. यातलं काहीही नसलं तरी फोन चार्ज होतोच! म्हणून दुकानातलं टेस्टिंग दर वेळी पास होतं.

चार्जिंगला लावलेल्या फोनच्या धातूच्या कडेला बोट लावल्यावर कधी कधी मुंग्या येतात. थोडी चुणचुण चांगल्या चार्जरमध्येही जाणवू शकते, कारण त्या वाय कपॅसिटरमधून अगदी क्षीण प्रवाह येत असतो. पण झटका बसत असेल तर तो चार्जर त्याच क्षणी बाद करावा. अमेरिकेतल्या यूएल या सुरक्षा-चाचणी संस्थेनं २०१६ मध्ये ॲपलच्या नावानं विकले जाणारे ४०० बनावट अडॅप्टर तपासले. उच्च दाबाच्या चाचणीत त्यांतले फक्त ३ टिकले. १२ तर इतके वाईट होते, की वापरणाऱ्याचा विजेच्या धक्क्यानं मृत्यू होऊ शकला असता.

बॅटरीची गोष्ट थोडी वेगळी. तिच्यात २३० व्होल्ट नाहीत, पण ती स्वतःच जळाऊ पदार्थांनी भरलेली असते. लिथियम-आयन बॅटरी सोनीनं १९९१ मध्ये बाजारात आणली आणि तिच्या शोधासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आत धन आणि ऋण अशा दोन लांब पट्ट्या, मध्ये प्लॅस्टिकचा पडदा आणि सगळं पेट घेणाऱ्या द्रावणात भिजलेलं. तो पडदा जाडीला माणसाच्या केसाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढा. तो फाटला की आतल्या आत शॉर्ट. म्हणून प्रत्येक चांगल्या बॅटरीला एक इवलासा सर्किट बोर्ड जोडलेला असतो. साध्या सेलचा दाब ४.२ व्होल्टच्या वर जाऊ लागला की तो चार्जिंग तोडतो आणि फार खाली गेला की वापर तोडतो. हा बोर्ड गाळला किंवा हलका लावला की बॅटरी स्वस्त होते.

रिपेअरिंगच्या दुकानात पार मेलेली बॅटरी बाहेरून करंट देऊन ‘बूस्ट’ करून देतात. ती फोन चालू करते म्हणून लोक खूश असतात. पण सेल बराच काळ फार खाली राहिला की आतलं तांबं विरघळू लागतं आणि पुन्हा चार्ज करताना ते भलत्याच जागी साचतं. शॉर्टची तयारी तिथंच झालेली असते. असली बॅटरी बदलूनच घ्यावी.

थापा सगळ्यात जास्त सापडतात त्या १८६५० या गोल सेलवर. टॉर्च, छोटे पंखे, पॉवर बँक, सगळीकडे तो असतो. नावातच त्याचं माप आहे: व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५. नामांकित कंपन्यांचा या आकाराचा सेल साधारण ३५०० एमएएचपर्यंत जातो. बाजारात मात्र ९९०० एमएएच छापलेले सेल ढिगानं मिळतात. एवढ्या जागेत तेवढी ऊर्जा मावतच नाही, त्यामुळे तो आकडा वाचला की बाकी काही तपासायची गरज उरत नाही. कित्येकदा जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेले सेल नवी रंगीत वेष्टनं चढवून विकतात. चांगला सेल वजनाला ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. हातात फारच हलका लागला तर आत माल कमी आहे.

पॉवर बँकेबाबत मात्र एक गैरसमज दूर करायला हवा. १०,००० एमएएचची पॉवर बँक ५००० च्या फोनला दोनदा पूर्ण चार्ज करत नाही, म्हणून ती बनावट असं नाही. आतला सेल ३.७ व्होल्टचा असतो, बाहेर ५ व्होल्ट द्यावे लागतात आणि रूपांतरात काही ऊर्जा उष्णता होऊन जाते. हाती ६००० एमएएचच्या आसपास पडतात. प्रामाणिक कंपनी हा दुसरा आकडा ‘रेटेड कपॅसिटी’ म्हणून बारीक अक्षरांत का होईना, छापते.

ओरिजनल म्हटलं की निर्धास्त, असंही नाही. ऑगस्ट २००७ मध्ये नोकियानं जाहीर केलं, की मात्सुशिता (आजची पॅनासोनिक) कंपनीनं डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात बनवलेल्या ४ कोटी ६० लाख बीएल-५सी बॅटऱ्या चार्जिंगमध्ये तापू शकतात. आपल्याकडे तेव्हा घरोघरी नोकिया. फोनची मागची झाकणं उघडून लोक बॅटरीवरचा २६ अक्षरांचा क्रमांक जुळवत होते. २०१६ मध्ये सॅमसंगचा गॅलक्सी नोट ७ पेटू लागला. सुमारे २५ लाख फोन परत बोलावले, बदलून दिलेलेही पेटले, तेव्हा मॉडेलच बंद करावं लागलं. जानेवारी २०१७ मध्ये कंपनीनं कारणं सांगितली: एका पुरवठादाराच्या बॅटरीत कोपऱ्यात ऋण पट्टी वाकलेली होती, तर दुसऱ्याच्या बॅटरीत वेल्डिंगचे टोकदार कंगोरे राहिले होते. चूक त्यांचीही झाली, पण कोणत्या कारखान्यात, कोणत्या महिन्यात, ते शोधता आलं आणि माल परत घेतला गेला. फर्स्ट कॉपीला कारखानाच नसतो, निदान आपल्याला सापडेल असा. मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे. घर जळालं तरी जाब विचारायला पलीकडे कुणी नाही.

म्हणून निवड ओरिजनल की स्वस्त अशी मांडणंच मला पटत नाही. पत्ता असलेला माल की बेवारस माल, असं बघावं. आणि इथं मधली वाट आहे. फोनच्या कंपनीचाच महागडा चार्जर घ्या, असा आग्रह नाही. २०२० नंतर ॲपलनं आणि मग सॅमसंगनंही अनेक फोनच्या खोक्यातून चार्जर काढून टाकला, त्यामुळे तो सगळ्यांनाच वेगळा घ्यावा लागतो. दुसऱ्या नावाजलेल्या कंपनीचा, निम्म्या किमतीचा चार्जर उत्तम चालतो. फक्त वनप्लस, ओप्पोसारख्या कंपन्यांचं स्वतःचं जलद चार्जिंग त्यावर पूर्ण वेगानं चालेलच असं नाही. जास्त वॅटचा चार्जर लावल्यानं फोन जळेल ही भीतीही काढून टाकावी. चांगल्या चार्जरशी फोन आधी बोलणी करतो आणि हवी तेवढीच वीज घेतो.

पत्ता तपासायची सोय सरकारनं करून ठेवली आहे. २०१२ च्या आदेशानं मोबाइलचे चार्जर, बॅटऱ्या, पॉवर बँका यांची भारतीय मानक ब्यूरोकडे नोंदणी टप्प्याटप्प्यानं सक्तीची झाली. वस्तूवर मानकाचा आयएस क्रमांक आणि ‘आर’ अक्षरापुढे आठ आकडे असतात. बॅटरीसाठी आयएस १६०४६, अडॅप्टरसाठी बहुधा आयएस १३२५२. बीआयएस केअर या ॲपमध्ये तो आर-क्रमांक टाकला की कारखाना आणि ब्रँड समोर येतो. नकली मालावर दुसऱ्याचा क्रमांक चोरून छापलेला असू शकतो, म्हणून नुसता क्रमांक आहे यावर समाधान मानू नका. ॲपमधलं नाव आणि हातातल्या वस्तूवरचं नाव एकच आहे का, ते पाहा. दुकानात उभ्याउभ्या होणारं काम आहे.

पैसे वाचवायच्या जागाही आहेत. भिंतीवरचं घड्याळ आणि टीव्हीचा रिमोट यांना साधा झिंक-कार्बनचा सेल पुरतो, महागडा अल्कलाइन तिथं वाया जातो. फोनचं कव्हर, स्टँड, दहा वॅटच्या चार्जिंगची केबल, इथं घासाघीस करा. पण भिंतीत खोचायची वस्तू आणि उशाशी ठेवायची बॅटरी, या दोन ठिकाणी नको.

आपल्या हवामानाचंही एक सांगायला हवं. बहुतेक लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करायचे नसतात आणि मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे सावलीतच पारा तिथं पोहोचतो. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा गादीवर उशीखाली फोन चार्जिंगला लावला तर चांगली बॅटरीही लवकर म्हातारी होते.

फोनचं मागचं झाकण उचललेलं दिसलं किंवा स्क्रीन एका कडेनं वर आली, तर बॅटरी फुगली आहे, आत वायू साचला आहे. ती दाबून बसवू नये, टाचणी लावू नये, पुन्हा चार्जिंगला लावू नये. फोन बंद करून फरशीवर, कागद-कपड्यांपासून लांब ठेवावा आणि कंपनीच्या सेवाकेंद्रात न्यावा. काढलेल्या बॅटरीच्या टोकांवर चिकटपट्टी लावावी आणि ती घंटागाडीत मुळीच टाकू नये, कारण कचरा दाबताना ती तिथंच पेट घेऊ शकते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी त्या बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर आहे. तेव्हा नवी बॅटरी बसवून घेताना “जुनी इथंच जमा करून घ्या” असं दुकानदाराला स्पष्ट सांगा, आणि ती पुढं कुठं जाते तेही विचारा.