रझाकार, कम्युनिस्ट आणि कूळकायदा

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अजिंठा हे हैदराबाद संस्थानाच्या उत्तर टोकाचे गाव होते. घाट उतरून फर्दापूरच्या पुढे थोड्याच अंतरावर ब्रिटिशांच्या मुंबई इलाख्यातला खानदेश सुरू होई. या संस्थानाचा अधिपती सातवा निजाम मीर उस्मान अली खान दोस्तराष्ट्रांच्या बाजूने उभा होता, आणि हिटलरच्या विमानांशी लढणाऱ्या ब्रिटिश हवाई दलाच्या १५२ क्रमांकाच्या तुकडीला हैदराबादचेच नाव होते. मात्र जर्मनीतील हुकूमशाहीविरुद्धच्या युद्धाला साहाय्य करणाऱ्या या राजवटीने आपल्या प्रजेला जबाबदार राज्यपद्धती, म्हणजे लोकनियुक्त विधिमंडळाला उत्तरदायी असे सरकार, दिले नाही, आणि त्यासाठी झटणाऱ्या स्टेट काँग्रेसवर १९३८ मध्ये घातलेली बंदी १९४६ पर्यंत उठवली नाही.

याच पोकळीत रझाकार संघटना वाढली. रझाकार म्हणजे स्वयंसेवक. पण इत्तेहादुल मुसलमीन या पक्षाचे पुढारी, लातूरचे वकील कासिम रझवी यांच्या नेतृत्वाखाली हे स्वयंसेवक सशस्त्र खाजगी सेना बनले. फॅसिझम म्हणजे एकाच समूहाच्या श्रेष्ठत्वाचा दावा, गणवेशधारी टोळ्यांची दहशत आणि त्या दहशतीला शासनाचे अभय, असा अर्थ घेतला तर मुसोलिनीच्या काळ्या डगलेवाल्यांशी रझाकारांचे साम्य उघड दिसते. तरीही त्यांच्यामागे सरंजामी राजसत्ता होती, जनतेतून उठलेली नवी सत्ता नव्हती, हा फरक नजरेआड करता येत नाही. आणि त्यांचे बळी केवळ हिंदू नव्हते: भारतात विलीनीकरणाचा पुरस्कार करणारे ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांचा ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत खून झाला.

कम्युनिस्टांचा मार्ग अधिक वळणांचा होता. सोव्हिएत रशियावर जर्मनीने हल्ला केल्यानंतर त्यांनी महायुद्धाला लोकयुद्ध मानले आणि १९४२ च्या ‘चले जाव’ आंदोलनापासून ते दूर राहिले. पण तेलंगणात वेठबिगारी व देशमुखांच्या जमीनदारीविरुद्ध १९४६ पासून त्यांनीच शेतकऱ्यांना संघटित केले आणि पुढे शस्त्रेही दिली. मे १९४८ मध्ये निजाम सरकारने पक्षावरील बंदी उठवल्याने, कम्युनिस्ट आणि रझाकार एक झाले, असा आरोप दिल्लीत बळावला. वस्तुतः ज्या गावांत हे दोन्ही पक्ष होते तिथे त्यांचे रक्ताचे वैर होते.

निजाम विलीनीकरणास तयार नसल्याने १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. मराठवाड्याने या दिवसाला मुक्तिदिन मानले, ते योग्यच आहे. परंतु त्यानंतरच्या आठवड्यांत निरपराध मुसलमानांवर जे सूड उगवले गेले ते चौकशीसाठी नेमलेल्या सुंदरलाल समितीने नोंदवले, आणि समितीच्या अंदाजानुसार मृतांची संख्या २७ ते ४० हजार होती. तो अहवाल दीर्घकाळ लोकांसमोर आला नाही. रझाकारांचा बीमोड झाल्यावर लष्करी गव्हर्नर जनरल चौधरी यांच्या अधिकाराखालील सैन्य तेलंगणातील कम्युनिस्टांकडे वळले, आणि त्यांचा लढा मागे घेतला जाईपर्यंत, म्हणजे ऑक्टोबर १९५१ पर्यंत, ती कारवाई चालली. कालच्या शत्रूची जागा दुसऱ्याने घेतली होती.

मात्र बंदुकीपुरतेच हे धोरण मर्यादित नव्हते. शेतकरी लाल झेंड्याखाली का जातात याचे उत्तर शोधणे सरकारला भाग पडले, आणि १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या, तर १९५० मध्ये हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन कायदा झाला. त्यातील ‘संरक्षित कूळ’ या तरतुदीने दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याला ती सहजासहजी काढून घेता येणार नाही असे संरक्षण दिले. तो कायदा मराठवाड्यालाही लागू झाला. विनोबा भावे यांना भूदानाची कल्पना १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीत सुचली, तेही याच कम्युनिस्ट प्रभावाच्या नलगोंडा जिल्ह्यात. पुढे १९५२ च्या निवडणुकीत पक्षावर पुन्हा आलेल्या बंदीमुळे पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंट या नावाने लढलेल्या कम्युनिस्टांना हैदराबाद विधानसभेत ४२ जागा मिळाल्या आणि त्यांचे मराठी भाषक नेते व्ही. डी. देशपांडे विरोधी पक्षनेते झाले.