हृदयरोग्याचा व्यायाम आणि नाडी

‘२२० मधून वय वजा करावें’ हा नाडीच्या कमाल गतीचा प्रचलित हिशेब मेटोप्रोलॉलसारखें औषध घेणाऱ्या हृदयरोग्यास लागू पडत नाहीं. ॲड्रिनॅलिनचा हृदयावरील अंमल हें औषध रोखतें. त्यामुळें चढ चढतांनाहि नाडी फारशी वाढत नाहीं. ती हट्टानें वाढवूं पाहणें हा निव्वळ अविचार होय. श्रमाची खूण श्वासांत पाहावी: चालतां चालतां बोलतां यावें, गातां मात्र येऊं नये! स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांची ६ ते २० अंकांची श्रममापन-पट्टीहि रोग्याच्या स्वतःच्या जाणिवेवरच उभारलेली आहे. शेवटीं गति हळूहळू उतरवावी, नाहींतर भोंवळ येण्याचा संभव असतो. छातींत कळ आल्यास मात्र तत्काळ थांबावें. थकवा येतो म्हणून औषध एकाएकीं सोडल्यास रोखलेला अंमल उसळून कळा बळावतात. मात्रा डॉक्टरांनींच बदलावयाची असते.