घरपट्टी आकारणीवरील अपील

घरपट्टी आकारणीवरील अपील : स्थानिक स्वराज्य संस्थेने घराचे करयोग्य मूल्य वा त्यावरील कर चुकीचा ठरविला असल्यास, मालकाने वा भोगवटादाराने कायद्याने विहित केलेल्या क्रमाने मागितलेली दाद. हा क्रम व त्यातील मुदती न पाळल्यास मूळ तक्रार रास्त असूनही दाद मिळत नाही, हे या उपायाचे प्रमुख वैशिष्ट्य होय.

खानदेशात धुळे येथे १८६२ मध्ये व जळगाव येथे १८६४ मध्ये नगरपालिका स्थापन झाली. २००३ मध्ये या दोन्ही शहरांत महानगरपालिका अस्तित्वात आल्या. तेव्हापासून तेथील घरपट्टीस १९४९ चा मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम (आताचा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम) व त्याच्या अनुसूची ‘ड’ मधील करविषयक नियम लागू आहेत. भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव, शिरपूर इ. नगरपरिषदांना १९६५ चा अधिनियम लागू असून तेथील हरकती व अपिले त्यातील तरतुदींनुसार चालतात. ग्रामपंचायतीच्या आकारणीविरुद्धचे अपील पंचायत समितीकडे करावे लागते.

आकारणीचे स्वरूप : भाडेमूल्य पद्धतीत घर भाड्याने दिल्यास वाजवी रीत्या जे वार्षिक भाडे येईल, त्यातून दुरुस्ती इत्यादींसाठी १० टक्के वजावट करून करयोग्य मूल्य काढतात व त्यावर ठराविक दराने कर बसवितात. कराचे दर महानगरपालिका ठरविते. त्यामुळे ‘कर फार आहे’ एवढेच म्हणणे पुरेसे ठरत नाही. मूल्य कोणत्या बाबतीत चुकले, ते दाखवावे लागते. क्षेत्रफळाची चुकीची नोंद, निवासी घराची बिगरनिवासी म्हणून झालेली आकारणी, जुन्या धाब्याच्या घरास लावलेला पक्क्या बांधकामाचा दर व पाडलेल्या खोल्यांची कायम राहिलेली नोंद ही हरकतीची ठळक कारणे होत.

उदा., ६० चौ. मी. घराची नोंद ८० चौ. मी. झाली व दरमहा भाड्याचा दर चौ. मीटरला २० रुपये धरला, तर करयोग्य मूल्य १२,९६० ऐवजी १७,२८० रुपये होते. कराचा एकूण दर ३० टक्के मानल्यास वर्षाला १,२९६ रुपये जादा भरावे लागतात. आकारणी पुस्तक दरवर्षी नव्याने करणे बंधनकारक नसून चार वर्षांतून किमान एकदा ते नवे करावे लागते. म्हणून एकदा झालेली चूक पुढील वर्षांतही चालू राहू शकते. चार वर्षांत या उदाहरणातील जादा रक्कम ५,१८४ रुपये होते.

भाडेनियंत्रण कायदा लागू असलेल्या घराचे भाडेमूल्य प्रमाण भाड्याहून अधिक धरता येत नाही, मग मालक स्वतः त्यात राहत असला तरीही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिवाण दौलतराय कपूर खटल्यात १९७९ मध्ये दिला.

हरकत व सुनावणी : आकारणी पुस्तक तयार झाल्यावर आयुक्त जाहीर सूचना देतात. हरकतींसाठी तीत ठराविक मुदत दिलेली असते. घराची नोंद प्रथमच झाली असल्यास वा मूल्य वाढविले असल्यास स्वतंत्र लेखी सूचना द्यावी लागते. हरकत लेखी असावी व तीत कारणे थोडक्यात पण पूर्णपणे नमूद करावीत. मंजूर नकाशा, मोजमाप, भाडेकरार व पूर्वीची देयके हा पुरावा उपयुक्त ठरतो. सुनावणीनंतरचा निर्णय आकारणी पुस्तकात नोंदविला जातो.

अपील : आयुक्तांच्या निर्णयाने समाधान न झाल्यास कलम ४०६ अन्वये न्यायाधीशाकडे अपील करता येते. या दोन शहरांत ते दिवाणी न्यायाधीश (वरिष्ठ स्तर) यांच्यापुढे चालते. हरकतीचा निकाल लागल्यापासून १५ दिवसांत अपील दाखल करावे लागते. आधी आयुक्तांकडे हरकत घेतलेली नसल्यास करयोग्य मूल्याविरुद्धचे अपील विचारात घेतले जात नाही. देयक बजावले गेले असल्यास त्यातील रक्कम आयुक्तांकडे जमा करणे आवश्यक असते. ही अट अल्प उत्पन्नाच्या कुटुंबास जाचक ठरू शकते; तथापि गुजरातेत लागू असलेल्या याच अधिनियमासंबंधी अनंत मिल्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये ती वैध ठरविली. न्यायाधीशाच्या निर्णयावर कायद्याने घातलेल्या मर्यादेत जिल्हा न्यायालयाकडे पुढील अपील होऊ शकते.

मुदतीत आव्हान न दिलेले मूल्य अंतिम मानले जाते. म्हणूनच देयक हाती पडल्यानंतर सुरू होणाऱ्या वादापेक्षा आकारणीच्या सूचनेनंतर वेळीच घेतलेली साधी लेखी हरकत घरमालकाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची ठरते.