तेहेतीस गुण आणि तरीही हार

लेखमाला : जाळीच्या दोन्ही बाजूंनी
लेखांक ६ : संघ आणि खेळाडू जोखायचे कसे?

७ सप्टेंबर २०२५ रोजी बँकॉकला महिलांच्या विश्व अजिंक्यपद व्हॉलीबॉल स्पर्धेची अंतिम लढत इटली आणि तुर्कस्तान यांच्यात झाली. सेटचे आकडे असे : २५-२३, १३-२५, २६-२४, १९-२५, १५-८. इटलीने सामना ३-२ असा घेतला आणि २००२ नंतर दुसऱ्यांदा जगज्जेतेपद पटकावलं.

आता पाचही सेटमधल्या गुणांची बेरीज करून बघा. तुर्कस्तानचे होतात १०५ आणि इटलीचे ९८. हरलेल्या संघाने सात गुण जास्त कमावले होते. सामन्यात सर्वाधिक ३३ गुण होते तुर्कस्तानच्या मेलिसा वर्गासचे. इटलीची हुकमी अटॅकर पाओला एगोनू २२ वर होती. आणि स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवड झाली ती इटलीची सेटर, म्हणजे अटॅकरना चेंडू उचलून देणारी, आलेसिया ओर्रो हिची. सेटरच्या नावापुढे एका सामन्यात तीन-चार गुण लागले तरी डोक्यावरून पाणी!

गेल्या आठवड्यात आपण रोटेशनची भानगड समजून घेतली. या वेळी प्रश्न असा की, एखाद्या मोठ्या स्पर्धेत कोण चांगलं खेळलं हे ठरवायचं कशाच्या आधारावर? गुणफलक खोटं बोलत नाही, पण त्याला फक्त शेवटचा स्पर्श दिसतो. चेंडू ज्याच्या हातून जमिनीवर आदळला त्याच्या खात्यावर गुण जमा होतो. त्याआधीच्या दोन स्पर्शांनी तो गुण सोपा केला की अवघड, याची नोंद आपल्याला दुसरीकडे शोधावी लागते.

आधी संघांचं बघू.

व्हॉलीबॉलमध्ये गुण सेटच्या कुंपणाबाहेर जात नाहीत. तुर्कस्तानने दुसरा सेट बारा गुणांनी आणि चौथा सहा गुणांनी जिंकला. ती सगळी मिळकत त्या-त्या सेटबरोबरच संपली. इटलीने पहिला आणि तिसरा सेट प्रत्येकी दोनच गुणांच्या फरकाने काढला, पण पदरात पडलेला सेट तेवढाच पूर्ण. त्यामुळे एकूण गुणांपेक्षा ते कुठे पडले हे महत्त्वाचं. सेटच्या शेवटच्या टप्प्यात दोन्ही वेळा कोण डगमगलं नाही, हा इथला खरा सवाल होता.

भारतीयांच्या ओळखीचं उदाहरण हांगझोच्या आशियाई खेळांतलं आहे. २० सप्टेंबर २०२३ रोजी आपल्या पुरुष संघाने दक्षिण कोरियाला २५-२७, २९-२७, २५-२२, २०-२५, १७-१५ असं हरवलं. बेरीज केली तर भारत ११६, कोरिया ११६! समसमान गुण मिळवून एक संघ जिंकला आणि दुसरा हरला. कोरिया हा आधीच्या, २०१८ च्या स्पर्धेतला रौप्यविजेता, हे लक्षात घेतलं की त्या १७-१५ चं मोल कळतं.

साखळी फेरीत तर सामना हरतानाही काही कमावता येतं. ३-० किंवा ३-१ ने जिंकलं तर जेत्याला तीन गुण मिळतात आणि हरणाऱ्याला शून्य. सामना पाचव्या सेटपर्यंत गेला तर जेत्याला दोन आणि हरणाऱ्याला एक. क्रमवारी लावताना आधी जिंकलेले सामने बघतात, मग हे गुण, मग सेटचं गुणोत्तर आणि शेवटी एकूण गुणांचं गुणोत्तर.

या नियमाने एक सुवर्णपदक घडवलं आहे. टोकियो ऑलिंपिकमध्ये फ्रान्सचा पुरुष संघ पहिल्याच सामन्यात अमेरिकेकडून ०-३ असा सडकून हरला. पुढे अर्जेंटिना आणि ब्राझीलनेही त्याला हरवलं, पण दोन्ही वेळा पाच सेट खेळून. पाच सामन्यांत दोन विजय आणि तीन पराभव हीच फ्रान्सची कमाई, आणि अमेरिकेचीही तीच. मात्र अमेरिकेने आपले तिन्ही पराभव तीन-चार सेटमध्येच ओढवून घेतले होते. फ्रान्सचे झाले आठ गुण आणि अमेरिकेचे सहा. ज्यांनी फ्रान्सला लोळवलं ते घरी गेले आणि फ्रान्स गटातला चौथा म्हणून कसाबसा पुढे सरकला. मग त्यांनी उपांत्यपूर्व फेरीत पोलंडला ३-२, उपांत्य फेरीत अर्जेंटिनाला ३-० आणि अंतिम सामन्यात रशियन ऑलिंपिक समितीच्या संघाला ३-२ असं हरवलं. हरत असलेल्या सामन्यात ओढून काढलेले दोन सेट किती दूरवर पुरतात, ते इथे दिसतं. म्हणून साखळीतला संघ जोखताना ‘किती हरला’ याच्या जोडीला ‘कसा हरला’ हेही विचारायचं.

प्रतिस्पर्धी कोण होता, हा तिसरा प्रश्न. आंतरराष्ट्रीय महासंघाने २०२० पासून जागतिक क्रमवारीत तो विचारात घेतला आहे. दोन संघांच्या गुणांतलं अंतर, सामन्याचा सेटनिहाय निकाल आणि स्पर्धेचं वजन यांवरून प्रत्येक सामन्यानंतर गुण इकडून तिकडे जातात. बलाढ्य संघाने दुबळ्या संघाला रडतखडत ३-२ ने हरवलं तर त्याच्या हाती जवळजवळ काहीच लागत नाही.

आता खेळाडूंकडे वळू. इथे नुसत्या गुणांच्या रकान्याने आपली सर्वांत जास्त फसगत होते.

समजा, ‘अ’ने सामन्यात ५० स्मॅश मारले. त्यांतले २२ गुण देऊन गेले आणि दहा बाहेर गेले किंवा ब्लॉक होऊन अंगावर आले. ‘ब’ने २८ मारले, १४ गुण मिळाले आणि दोनच वाया गेले. उद्याच्या बातमीत ‘अ’चं नाव येणार, कारण २२ हा आकडा मोठा. पण वाया गेलेला प्रत्येक स्मॅश समोरच्याला फुकटचा गुण देतो. म्हणून मिळालेल्या गुणांतून चुका वजा करायच्या आणि एकूण प्रयत्नांनी भागायचं. याला अटॅकची कार्यक्षमता म्हणतात. ‘अ’ची निघते २४ टक्के आणि ‘ब’ची जवळपास ४३. क्रिकेटमध्ये आपण धावांबरोबर खेळलेले चेंडूही विचारतो, तशातलाच हा हिशेब.

तरीही लगेच ‘ब’च्या गळ्यात माळ घालू नका. ‘अ’च्या वाट्याला कसले चेंडू आले होते?

त्यासाठी पहिल्या स्पर्शाकडे जावं लागेल. प्रत्येक मोठ्या संघाचा एक माणूस बेसलाइनमागे लॅपटॉप घेऊन बसलेला असतो. खेळाकडे टक लावून तो दर स्पर्शागणिक कीबोर्डवर खुणा बडवत असतो. व्यावसायिक संघांत ‘डेटा व्हॉली’ नावाची संगणकप्रणाली सर्रास वापरतात आणि तिच्यात प्रत्येक कृतीला एक चिन्ह आहे. सर्व्हिस घेताना पास सेटरच्या डोक्यावर अलगद आला, तर #. एखादं पाऊल हलावं लागलं पण बहुतेक पर्याय शाबूत राहिले, तर +. पर्याय कमी झाले, तर !. सेटरला धावत जाऊन चेंडू नुसता उंच उडवण्यापलीकडे काही करता आलं नाही, तर -. चेंडू थेट जाळीपलीकडे गेला, तर /. आणि पास फसून गुणच गेला, तर =. हे आकडे तिथल्या तिथे बाकावरच्या प्रशिक्षकाच्या टॅबवर उमटतात. चौथ्या गुणालाच सर्व्हिसचा रोख एका विशिष्ट खेळाडूकडे का वळला, याचं उत्तर बऱ्याचदा त्या टॅबवर असतं.

पास # असला की सेटरपुढे सगळा बाजार उघडा असतो. मधल्या खेळाडूला झटपट चेंडू, डाव्या टोकाला, पाठीमागे उजवीकडे, नाहीतर मागच्या ओळीतून मधोमध. समोरच्या ब्लॉकरना अंदाज बांधावा लागतो आणि अटॅकरसमोर एकच ब्लॉकर उरतो. पास - असला की सगळ्या स्टेडियमला कळतं चेंडू कुठे जाणार. दोन-तीन ब्लॉकर हात वर करून वाट बघत उभे असतात. असा उंच, संथ चेंडू ज्याच्याकडे जातो, तो बहुधा संघाचा ऑपोझिट, म्हणजे रोटेशनमध्ये सेटरच्या तिरक्या समोर उभा राहणारा अटॅकर. म्हणजे इटलीत एगोनू आणि तुर्कस्तानात वर्गास. वर्गासच्या ३३ गुणांना म्हणूनच वेगळं वजन आहे. संघाची घडी विस्कटली की चेंडू तिच्याकडेच येणार, हे समोरच्यांना ठाऊक असताना तिने ते कमावले. अटॅकरचं पुस्तक तपासताना चांगल्या पासवरचे स्मॅश आणि मोडक्या पासवरचे स्मॅश वेगळे मोजावेत ते यासाठीच.

मग ओर्रोचं मोजमाप कसं करायचं? सेटरचं काम दुसऱ्यांच्या रकान्यांत दिसतं. तिच्या मधल्या खेळाडूंना किती चेंडू मिळाले, अटॅकरसमोर किती वेळा एकच ब्लॉकर होता, फसलेल्या पासवरही तिने काय पर्याय काढला, आणि एखादी अटॅकर लागोपाठ दोनदा ब्लॉक झाल्यावर तिसऱ्या वेळी तिने कुणावर भरवसा टाकला. जाळीवर धावत येऊन उडी मारणाऱ्या पण चेंडू न मिळालेल्या मधल्या खेळाडूचंही असंच. तिच्या उडीने समोरचा एक ब्लॉकर अडकून पडला, तर कडेचा गुण अर्धा तिचा असतो. कागदावर मात्र तिच्या नावे काहीच लागत नाही.

या अन्यायाचं टोक म्हणजे लिबेरो, अर्थात फक्त मागच्या ओळीत बचाव करणारी खेळाडू. नियमानुसार ती ब्लॉक करू शकत नाही आणि जाळीच्या वर असलेला चेंडू मारू शकत नाही. आंतरराष्ट्रीय सामन्यांत तिला सर्व्हिसही नाही. तिचा गुणांचा रकाना कारकीर्दभर कोराच राहायचा. इटलीची मोनिका दे जेन्नारो या स्पर्धेतली सर्वोत्तम लिबेरो ठरली ती वयाच्या अडतिसाव्या वर्षी. समोर तुर्कस्तानच्या बाकावर प्रशिक्षक होते दानिएले सान्तारेल्ली, म्हणजे तिचे पती. लिबेरोच्या पासचं मोल त्या हॉलमध्ये त्यांच्याइतकं क्वचितच कुणाला ठाऊक असेल.

आता संघ आणि खेळाडू जिथे एकत्र येतात त्या जागी येऊ. समोरच्याच्या सर्व्हिसवर गुण घेतला तर तो साइड-आउट आणि स्वतःच्या सर्व्हिसवर घेतला तर ब्रेक पॉइंट. सर्व्हिस घेणाऱ्या संघाला पहिला स्मॅश मारायला मिळतो, त्यामुळे या पातळीवर साइड-आउट हा नेम आणि ब्रेक पॉइंट हा अपवाद. गंमत अशी की, साइड-आउट झाला की सर्व्हिस पालटते. म्हणून एका सेटमध्ये दोन्ही संघांच्या साइड-आउटमध्ये एकापेक्षा जास्त फरक पडूच शकत नाही. सेटमधला बाकीचा सगळा फरक ब्रेक पॉइंटचा असतो. बँकॉकच्या पाचव्या सेटचा १५-८ हा आकडा आता वाचून बघा. सात गुणांचं अंतर म्हणजे इटलीने तुर्कस्तानपेक्षा किमान सहा ब्रेक पॉइंट जास्त मिळवले, तेही अवघ्या तेवीस गुणांच्या सेटमध्ये. ब्रेक पॉइंट एकट्या अटॅकरचा नसतो. आधी सर्व्हिसने पास मोडायचा, मग ब्लॉकने स्मॅशचा रस्ता अर्धा बंद करायचा, मागे कुणीतरी चेंडू उचलायचा, सेटरने त्या धावपळीतून नीट चेंडू काढायचा, आणि मग कुठे स्मॅश.

म्हणून सर्व्हिसलाही नुसत्या ‘एस’वरून, म्हणजे थेट गुण देणाऱ्या सर्व्हिसवरून, जोखू नये. एखादीने पाच सर्व्हिस जाळीत घालवल्या असतील, पण उरलेल्यांनी समोरचा पास वारंवार मोडला असेल तर तिच्या पाळीत संघ पुढेच सरकतो. दुसरी एकही चूक करत नाही, पण तिची प्रत्येक सर्व्हिस समोरच्या सेटरला आयती मिळते. चुकांचा रकाना दुसरीला शाबासकी देईल. प्रत्येकीच्या पाळीत संघाने किती गुण घेतले आणि किती दिले, ते पाहिलं की चित्र पालटतं.

विश्व स्पर्धेच्या शेवटी जाहीर होणाऱ्या स्वप्नसंघात सात जणी असतात : एक सेटर, एक ऑपोझिट, दोन कडेच्या अटॅकर, दोन मधल्या ब्लॉकर आणि एक लिबेरो. बँकॉकला ऑपोझिटची जागा वर्गासला मिळाली. ही विभागणी शहाणपणाची आहे, कारण प्रत्येकीला तिच्याच कामाच्या मापाने मोजलं जातं. पंचाईत होते ती सगळ्यांतून एक निवडताना. माझं मत विचाराल तर त्या एका रात्री कोर्टवरची सर्वांत भारी खेळाडू वर्गासच होती. पण स्पर्धा एका रात्रीची नसते. इटलीने उपांत्य फेरीत ब्राझीललाही पाच सेटमध्येच हरवलं. दोन रात्री लागोपाठ संघ कडेलोटाच्या टोकावर होता आणि दोन्ही वेळा चेंडू कुणाकडे जाणार हे ओर्रो ठरवत होती. एगोनूचे गुण, कडेच्या सिल्लाचे गुण, मधल्या दानेझीचे गुण, या सगळ्यांच्या आधीचा स्पर्श तिचा. सर्वोत्तम खेळाडूचा मान तिला गेला तो योग्यच गेला.

याच निकालाला एक मजेदार शेपूट आहे. त्याच वर्षी ओर्रो इस्तंबूलच्या फेनरबाहचे क्लबात दाखल झाली, आणि वर्गासचा क्लबही तोच होता. ज्या हातांनी बँकॉकला वर्गासचा संघ हरवला, तेच हात क्लबच्या सामन्यात तिला चेंडू पुरवू लागले. मोडक्या पासवरची वर्गास आणि ओर्रोच्या नेमक्या चेंडूवरची वर्गास, यांत किती फरक पडतो ते तिथे पाहायला मिळालं.

पुढचा सामना बघाल तेव्हा एक कागद जवळ ठेवा. एकाच संघाचा एकच सेट घ्या आणि प्रत्येक पासपुढे चांगला, बरा की मोडका, एवढंच लिहा. शेजारी त्या खेळीत गुण कुणाला गेला तेही टिपा. सेट संपल्यावर गुणफलकाकडे बघण्याआधी कागदाकडे बघा. बहुतेक वेळा निकाल तिथेच सापडेल.

पुढील लेखांकात : व्हिडिओ चॅलेंज. बोटाला घसटून गेलेला चेंडू कॅमेऱ्याला कसा दिसतो, आणि प्रशिक्षक आपली संधी कधी राखून ठेवतात?